हळू कोअर बंद करू नका, वाटणी बदला

मंडळी, आज माझ्याच कोडने मला तोंडघशी पाडलं होतं.

लंडनजवळ मेडनहेडच्या आमच्या ऑफिसात नवे लॅपटॉप आलेत. जुन्यात आठ सारखे कोअर, म्हणजे एकाच वेळी कामं करणारे प्रोसेसरचे भाग, होते. नव्यात सोळा आहेत, आठ वेगवान आणि आठ हळू, बॅटरी वाचवणारे. तरी माझा प्रोग्रॅम जुन्यापेक्षा हळू! आणि दोन वाजता क्लायंटला डेमो.

"हळूवाले बंदच कर ना," मॅनेजर क्रेग म्हणाला.

"चूक त्यांची नाही, माझी आहे. अर्धा तास दे."

मी कामाचे सोळा सारखे भाग केले होते. वेगवान कोअर आपला वाटा उरकून हळूवाल्यांची वाट बघत बसायचे.

अगदी हेच रविवारी लंडनच्या एजवेअर भागात झालं होतं. मराठी मंडळाच्या फराळासाठी मी प्रत्येकीला तीस करंज्या नेमून दिल्या. सुलभाकाकू कधीच मोकळ्या, आणि इथे इंग्लंडमध्येच वाढलेली त्यांची सून नेहा सहाव्या करंजीवर. शेवटी काकू म्हणाल्या, "अगं, सगळं मधे ठेव. जिचा हात मोकळा, ती घेईल."

आज तेच केलं. कामाचे छोटे तुकडे एका रांगेत ठेवले. जो कोअर मोकळा, त्याने पुढचा उचलायचा. वेळ जवळजवळ निम्म्यावर! सोळाच्या सोळा कोअर चालू ठेवून डेमो दिला.

ट्रेनमध्ये बसल्यावर आठवलं, पुढच्या फराळाच्या यादीतून मी नेहाचं नाव गुपचूप काढलं होतं. आत्ताच परत घातलं.

तुम्ही कोणाचं काढलंय?