आसूढाळ

आज कामं भराभर उरकताना चुलीशी वाकले आणि कपाळावरचे केस जळले. त्या वासाने मी थेट साक्रीच्या आमच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

आमच्या विलायती घोडीचं शिंगरू वर्षाचं झालं होतं. दुसऱ्या दिवशी पुण्याचे शर्यतवाले ते पाहायला येणार होते. पण त्याच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. त्याला आसूढाळ म्हणतात. असा घोडा मालकाला रडवतो. माझ्या वडिलांनी, आबांनी, तो भोवरा जाळायला सळई लाल केली.

“डोकं घट धर, पोरी. हालनं ते डोया जाई.”

मी ते दोन्ही हातांनी आवळून धरलं. आज आठवतं, आबांनी सळई दोनदा जवळ आणून मागे घेतली होती. केस चरचरले, शिंगरू उसळलं आणि मी डोळे मिटून भोवऱ्यावर हात ठेवला. सळई माझ्याच हाताला लागली. मी किंचाळले, तशी ती आबांच्या हातून गळून पडली. पुन्हा त्यांनी ती उचलली नाही.

शर्यतवाल्यांनी फक्त पाय चाचपले आणि शिंगरू नेलं. ते पहिली शर्यत जिंकल्याची तार आली, तेव्हा आबा लहान मुलासारखे रडले.

“दख, सांगेल व्हतं ना,” ते डोळे पुसत म्हणाले, “आसूढाळ रडावस!”