घोडीची वेळ

शेवटच्या बारीला, म्हणजे शेवटच्या गाड्याच्या पळीला, पाटीवर ११.४६ सेकंद आलं आणि घाटात एकच गलका झाला. मला मात्र ती वेळ पटेना.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. माघातली यात्रा, अंगात स्वेटर, आणि वरून अवकाळीची पिरपिर. घाट म्हणजे आमच्या शिरूरकडे बैलगाडा पळवायचा चढाचा पट्टा. त्याची माती चिकट झाली होती, बैलांचे खूर रुतत होते. दिवसभरातली सर्वांत चांगली वेळ होती १२.१८ सेकंद, वडगाव रासाईच्या आप्पांच्या गाड्याची. जो सर्वांत कमी वेळेत पळेल तो घाटाचा राजा. आप्पा सत्तरीचे. त्यांचा पुढचा बैल या यात्रेनंतर पळवायचा नाही असं ठरलं होतं, त्यामुळे हा मान त्यांना हवाच होता. आणि अशा चिखलात शेवटचा गाडा येतो काय आणि पाऊण सेकंदाने मारून नेतो काय.

मी दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात बत्तीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून शर्यतीसाठी सेन्सरचं घड्याळ बनवलं. यात्रा कमिट्या बोलावतात. काही लोकांना वाटतं मी बुकी आहे. फोन करून विचारतात, "काका, आज कुणाचा गाडा?" मी सांगतो, पैज लावायची तर तुम्ही जाणा आणि पोलीस जाणोत. मी फक्त वेळ मोजतो.

मोजणी अशी. वरच्या आणि खालच्या रेषेवर एकेक खांब. खांबातून न दिसणारा किरण जातो. कुणी आडवं गेलं की तो तुटतो आणि घड्याळाला कळतं. खाली सुरुवात, तिथे घोडी रेषेच्या पुढेच उभी असते, म्हणून अडचण नाही. अडचण वर, शेवटाला. कारण गाड्याच्या पुढे घोडी पळते. तिच्यामागे ईर्ष्येने बैल पळतात. म्हणजे वरच्या रेषेवर आधी पोचते घोडी, मग बैल. म्हणून घड्याळाला मी शिकवून ठेवलंय, वर पहिल्यांदा किरण तुटला तर सोडून दे, दुसऱ्यांदा तुटला की थांब.

गलका झाला तेव्हा मी मंडपातून वरच्या खांबाकडे पाहिलं. सेन्सर भिजू नये म्हणून मीच सकाळी त्याला खताच्या गोणीचं प्लास्टिक बांधलं होतं. त्याचं एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडत होतं.

घड्याळातून प्रत्येक बारीची चिठ्ठी निघते. ती मी काढून पाहिली. दर बारीला वर दोन नोंदी असतात, या बारीला तीन होत्या. पहिल्यांदा प्लास्टिक आडवं आलं. घड्याळाला वाटलं घोडी गेली. मग खरी घोडी आली, त्याने तिला बैल समजून वेळ लावली. बैल तिसरे आले, १२.५२ ला. म्हणजे पाटीवर झळकत होती ती घोडीची वेळ. आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या उलगडून तपासल्या. त्या बरोबर होत्या. चूक एकाच बारीत, आणि ती माझी.

तोवर या शेवटच्या गाड्याच्या मालकाला, पाटसच्या तात्यांना, फेटा बांधून झाला होता. तात्या ऊसवाहतुकीचे कॉन्ट्रॅक्टर. देह भक्कम, आवाज त्याहून भक्कम. त्यांची माणसं भंडारा उधळत होती. ओल्या अंगावर सगळे पिवळे झाले होते. आप्पांनी मात्र पाटी बघितल्याबरोबर बैल टेम्पोत चढवले आणि निघून गेले. तक्रार नाही, काही नाही.

खरं सांगतो, चिठ्ठी खिशात घालावी असं एकदा मनात आलं. ती वाचता येणारा तिथे मी एकटाच होतो. पण मग पुढच्या घाटात कुणाला कुठल्या तोंडाने वेळ सांगणार? मी सरपंचांकडे गेलो. तेच यात्रा कमिटीचे अध्यक्ष.

"काका, आत्ता सांगताय व्हय?"

"आत्ताच कळलं."

"पाटसची पंधरा पिकअप माणसं आल्यात. आता न्हाई म्हणलं तर मंडप तरी उभा ऱ्हाईल का?"

"मग खोटी वेळ राहू द्यायची?"

"मी कुठं तसं म्हणलो? सांगा की. पर तुम्ही सांगा. घड्याळ तुमचं हाय."

एवढं बोलून त्यांनी चहा मागवला, फक्त स्वतःपुरता.

मी चिखल तुडवत तात्यांकडे गेलो. त्यांना बाजूला घेतलं, चिठ्ठी दाखवली, प्लास्टिक दाखवलं. माझी चूक आहे असं सरळ सांगितलं.

तात्यांनी चिठ्ठी हातात घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "सायेब, माझा डावा बैल निम्म्यात घसरला व्हता."

"मला दिसलं नाही."

"मला दिसलं की. घसरून कुणी साडेअकरात येतं व्हय? मगाधरनं फेटा बांधून हुबा हाय, पर जीव थाऱ्यावर न्हाई. पुढल्या घाटात लोक म्हणणार, तात्या, पुन्हा अकरा-शेचाळीस दावा. कुठनं आणू?"

मला हसावं की रडावं कळेना. तात्यांनी स्वतःच फेटा उतरवला आणि माईक हातात घेतला.

"मंडळी, येळ चुकली हाय. ती आपल्या बैलांची न्हाई, घोडीची हाय. राजा आप्पाच. पर आपली घोडी किती पळती ते समद्यांनी बघून ठिवा."

मग कुणीतरी हसलं, आणि ते हसणं चढावरून खालपर्यंत गेलं. मंडप उभाच राहिला. सरपंचांनी मलाही चहा सांगितला.

आप्पांना फोन करून अर्ध्या वाटेतून माघारी बोलावलं. टेम्पो आला, भर पावसात बैल पुन्हा उतरवले. फेटा बांधून घेता घेता आप्पा मला म्हणाले, "घरी फोन करून सांगितलं व्हतं, हुकलं म्हणून. आता जिकलो म्हणतोय, तर मालकीण इचारती, पिऊन बोलताय का."

आता मी प्लास्टिक चारही टोकांना सुतळीने आवळतो आणि चिठ्ठी वाचल्याशिवाय पाटी लावत नाही. वेळ फारच चांगली लागली, तर बैलांचं कौतुक नंतर. आधी आपण सकाळी काय बांधलं होतं ते जाऊन बघावं.