विमानांच्या जहाजावरचे दोन वऱ्हाडी

अकोल्याच्या स्टेशनावर मला पोचवायला घरचं कोणी येणार नाही, असं ठरलं होतं. तरी गाडीच्या आधी नामदेवदादा आला. डोक्यावर झेंडूची टोपली तशीच. बाजारात न जाता तो सरळ फलाटावर आला होता. त्याच्या मागून माय आली, पदरात भाकरी बांधून. सगळ्यात शेवटी बाबा आले आणि दुसऱ्याच कोणाला पोचवायला आल्यासारखे जरा लांब उभे राहिले. गाडी आली, मी खिडकीशी बसलो, तेव्हा कुठे ते जवळ आले.

"मातीबिगर मूळ धरत नाई, किसन," ते म्हणाले. "पाण्यावर जाऊन काय करशीन?"

मायनं त्यांना गप्प केलं. "जाऊन राह्यला तं जाऊ द्या. रस्त्यात काय बोलता?" मग मला म्हणाली, "पोटाले खाजो." एवढंच. गाडी सुटली तेव्हा दादा टोपलीसकट चालत राहिला. दोनचार झेंडू फलाटावर सांडले ते त्यानं उचलले नाहीत. फुलं सांडली की लगेच उचलणारा माणूस तो.

दादाच्या पोरांनो, तुम्ही मला नेहमी विचारता की काका, तुम्ही गेलातच काऊन. घरात काही कमी होतं म्हणून नाही. मोर्णेच्या काठी आपला भाजीचा मळा होता. वांगी, भेदरं म्हणजे टमाटे, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाला झेंडू. दोघं भाऊ तेच वाफे, तेच पाट, रोज. आजूबाजूला नजर जाईल तिथवर कपाशीची पऱ्हाटी. लढाईचे दिवस होते. भरतीवाल्यांनी कचेरीसमोर आरमाराचं चित्र लावलं होतं, खाली निळं पाणी आणि वर मोठं जहाज. मी तोवर मोर्णेपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. ते चित्र पाहिल्यापासून वाफ्यात पाणी सोडताना माझं चित्त लागेना. नाव लिहून घेणाऱ्या बाबूनं प्रांत विचारला. मी "मध्य प्रांत आणि वऱ्हाड" सांगितलं, तर तो हसला. "तुमच्याकडं समुद्र कुठाय रे?" म्हणाला. मी म्हटलं, "म्हणूनच तं चाललो."

मुंबईला मला भंडारी केलं. भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. समुद्र पाहायला निघालेला मी पहिले काही महिने फक्त आलू पाहत होतो. पुढे आमच्यापैकी काही जणांना एका इंग्रजी जहाजावर उसनं दिलं. सिलोनात त्रिंकोमालीच्या बंदरात ते उभं होतं. आमची होडी जवळ गेली तरी मला ते जहाज वाटेना. पोळ्याला बैल जमतात तेवढं सपाट मैदान, आणि ते कोणीतरी उचलून पाण्यावर ठेवलेलं. एका कडेला तेवढा उंच मनोरा. मैदानाला मधेच चौकोनी भोक पडायचं आणि त्यातून पंख मिटलेलं विमान वर यायचं, जसा एखादा रातकिडा बिळातून निघतो.

पण आम्ही राहायचो त्या मैदानाच्या पोटात. तिथे ऊन नव्हतं, वारा नव्हता. होती फक्त उष्णता, तेलाचा वास आणि पायाखालची घरघर. ती घरघर कधी थांबत नसे. झोपायला कॅनव्हासच्या झोळ्या. पहिल्यांदा मी झोळीत चढलो आणि दुसऱ्या बाजूनं खाली पडलो. विमान सुटायचं असलं की जहाज वाऱ्याकडे तोंड करायचं. आम्हाला आत ते कोणी सांगत नसे. भांड्यातलं वरण एका कडेला चढलं की आम्ही ओळखायचो, वळलं. मग डोक्यावरून गडगडाट जायचा. आणि पुढं, विमानं परत यायच्या वेळी, सगळ्या भटारखान्याचे हात हळू व्हायचे. इंग्रज असो, गोव्याचा असो की मी, कान सगळ्यांचे छताला.

वसंताची नि माझी गाठ तिथेच पडली. एकदा जहाज अचानक वळलं आणि सोललेल्या आलूंचं घमेलं उलटून आलू सगळीकडे पळाले. मी ओरडलो, "अबे, कुठी पयता बे सारे!"

दारातून कोणीतरी मोठ्यानं हसलं. निशाणं हलवून निरोप देणाऱ्या खात्यातला एक उंच, चष्मेवाला खलाशी उभा होता. "अकोल्याचा का बे तू?"

"हाव. तुमी?"

"अमरावती. आन् मले तुमी म्हणू नको. अथी वऱ्हाडातले आपण दोघंच आहो."

मग तो गुडघ्यांवर बसून माझ्याबरोबर आलू गोळा करू लागला. वसंता अमरावतीच्या एका भिक्षुकाचा मुलगा. अंबादेवीच्या वाटेवर त्यांचं घर. वडील पूजा सांगायचे, कौंडण्यपूरच्या जत्रेलाही जायचे. मुलानं पोथी घ्यावी ही त्यांची इच्छा, आणि ह्याला तारा, निशाणं, खटके यांचं वेड. तो निघाला तेव्हा वडील म्हणाले होते, "समुद्र ओलांडलास, तर हा उंबरा परत ओलांडू नकोस." वसंता हे हसत सांगायचा, पण सांगून झालं की चष्मा काढून पुसत बसायचा.

त्याला मांसाचं चालत नसे. साहेबांच्या जेवणात त्याच्या जोगतं फार काही नसायचं, तो पाव आणि चहावर काढत होता. मी भीत भीत विचारलं, माझ्या हातचं चालेल का. घरी असतो तर विचारलंही नसतं. आम्ही फुलं त्यांच्या ओट्यावर ठेवून मागं सरकणारी माणसं.

तो म्हणाला, "देवाच्या डोक्शावर तुमच्या हातचं फूल चालते. मंग माह्या पोटात तुह्या हातचं पिठलं काऊन चालणार नाई?"

तेव्हापासून आम्ही एका ताटात जेवलो. जवारी मिळत नव्हती, म्हणून गव्हाच्या जाड भाकरी थापायचो आणि डोळे मिटून जवारीच्या म्हणायचो. त्रिंकोमालीला किनाऱ्यावर गेलो तेव्हा मी तुपाच्या रिकाम्या डब्यात माती भरून आणली आणि धणे पेरले. भटारखान्याच्या गोल खिडकीशी डबा बांधून ठेवला. सांबार उगवलं! मोठा भंडारी, तो गोरा होता, आधी ओरडला की ही घाण फेक. मग खाली वाकून त्यानं वास घेतला आणि निघून गेला. पुढं तोच लोकांना आणून दाखवायचा. हिरवं काही पाहिलं नव्हतं ना कोणी बरेच दिवस.

मला सुखाचे दिवस म्हणून तेच आठवतात. लढाईत होतो, घरापासून लांब होतो, घाम पुसायला फडकं पुरत नव्हतं, आणि तरी. संध्याकाळी विमानं बांधून ठेवली की त्या मैदानावर आम्हाला थोडा वेळ जायला मिळे. चारी बाजूंनी पाणी. वसंता मला निशाणांची अक्षरं शिकवी, मी त्याला वांग्याचं भरीत कसं भाजावं ते सांगे. लढाई संपल्यावर काय करायचं, याच्या गप्पा. तो म्हणायचा, आधी घरी जाईन, उंबऱ्याबाहेर उभा राहीन, बघू किती वेळ उभं ठेवतात ते.

ते झालं एका दुपारी. एक विमान परत येताना त्याच्या शेपटीचा आकडा, विमान थांबवायला डेकवर ताणलेल्या दोरांत अडकला नाही. ते तिरपं धावलं आणि मनोऱ्यावर आदळलं. आम्हाला खाली फक्त दणका ऐकू आला, आणि मग पळणारे पाय. पेट्रोल पेटलं होतं. वसंता मनोऱ्यावर त्याच्या निशाणांपाशी उभा होता.

वैमानिक वाचला. वसंता दोन दिवस होता. मोठ्या भंडाऱ्यानं मला कामातून सोडलं आणि दवाखान्यात त्याच्याशी बसू दिलं. त्याचा चेहरा सोडून सगळं पट्ट्यांत होतं. तो फार बोलला नाही. एकदा म्हणाला, "तार जाईन घरी. पण तारेत काय असते? तू जाय, किसन. तू सांग."

"तूच जाशीन," मी म्हटलं.

"पाह्य, आता तूही खोटं बोलून राह्यला," तो म्हणाला, आणि हसायला गेला.

दुसऱ्या रात्री तो गेला. सकाळी त्याला पाण्यात सोडायचं होतं. पाद्री होता, पण एका साहेबानं मला बोलावून विचारलं, तुमच्यात काय करतात? मी काय सांगणार? चितेला लाकूड नाही, तोंडात घालायला गंगा नाही, आणि मंत्र तर आमच्या घरात कोणालाच येत नव्हते. मी म्हटलं, मी करतो.

मागच्या उघड्या डेकवर त्याला कॅनव्हासमध्ये शिवून फळीवर ठेवलं होतं. सूर्य नुकताच वर आला होता. डब्यातल्या सांबाराला फुलं आली होती, बारकी, पांढरी. दुसरं फूल त्या जहाजावर नव्हतं. ती मी खुडून त्याच्या छातीवर ठेवली. मग मोठ्यानं त्याचं नाव घेतलं, त्याच्या वडलांचं नाव घेतलं, अमरावतीचं घेतलं, आणि म्हटलं, "हे आमच्या वऱ्हाडातलं लेकरू आहे. याले नीट ठेवजो." फळी तिरपी झाली.

लढाई संपली. आम्हाला सोडलं तेव्हा मी अकोल्याला न उतरता पुढं बडनेऱ्याला उतरलो आणि टांगा करून अमरावतीला गेलो. तार केव्हाच पोचली होती. तरी जायचं होतं. घर सापडलं. ओट्यावर वसंताचे वडील बसले होते, तोच उंच बांधा, तोच चष्मा. मी सवयीनं ओट्याखाली उभा राहिलो आणि म्हणालो, मी किसन, वसंताबरोबर जहाजावर होतो.

ते ओट्यावरून उठले. मग म्हणाले, "आत ये. ही बाहेर उभं राहून सांगायची गोष्ट नाही."

मी उंबरा ओलांडला. त्यांनी विचारलं, "शेवटचं कोणी केलं त्याचं?"

"म्या."

"काय म्हणालास?"

मला वाटलं, आता रागावतील. जे बोललो होतो ते जसंच्या तसं सांगितलं. मान खाली घालून म्हणालो, "मंत्र येत नव्हते, बाबा. नाव सांगतलं, तुमचं नाव सांगतलं, गाव सांगतलं. गोत्र काई मले माईत नव्हतं."

त्यांनी चष्मा काढला. "संकल्प म्हणजे तरी दुसरं काय असतं रे," ते म्हणाले. "दर्भाचा पुतळा करून मी इथे सगळं केलं. गोत्र मी सांगितलं इथून." मग भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांची पाठ हलत होती.

वसंताची आई आतल्या दारात उभी होती. तिनं दुसरंच विचारलं. "तो जेवायचा का नीट? तिथलं त्याला चालत होतं का?" मी सांगू लागलो. पिठलं, वरण, गव्हाची जाड भाकर, लोणच्याची बरणी कशी लपवून ठेवायचो ते. ती एकेक गोष्ट पुन्हा विचारत होती. "आणि तिखट?" "तिखट तं त्याले लागेच." ती रडता रडता हसली. मग उठून चूल पेटवली. पानं मांडली ती स्वयंपाकघरात. मी दाराशीच घुटमळलो, तर वसंताच्या वडलांनी आपल्या हातानं माझा पाट त्यांच्या पाटाशेजारी सरकवला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नंतर त्यांना काय काय ऐकवलं असेल, मला माहीत आहे. त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

अकोल्याला आलो तर सगळं होतं तसंच होतं, फक्त मी तसा नव्हतो. मायनं घरभर माणसं जमवली. पण रात्री जमीन हलत नाही म्हणून मला झोप येईना. दादाचं लग्न झालं होतं, मळा तो चांगला सांभाळत होता, आणि मी वाफ्यात उभा राहून कान आभाळाकडे लावायचो. एक वर्ष काढलं. मग ओळखीच्या एका भंडाऱ्यानं कोचीनला बंदरातल्या कँटीनमध्ये बोलावलं आणि मी गेलो. ह्या वेळी बाबा काही बोलले नाहीत.

तिथेच राहिलो. सुमती तिथलीच, कोंकणी बोलणारी. सुरुवातीला आम्हाला एकमेकांचं अर्धंच कळे, आणि संसार सुखाचा झाला त्याला तेही एक कारण असेल. माझी पोरं बाहेर मल्याळम बोलतात, आईशी कोंकणी, आणि चिडली की माझ्याशी वऱ्हाडी. कँटीनमध्ये मी 'मराठा चेट्टन', म्हणजे मराठ्यांचा थोरला भाऊ. अकोल्यात मी 'समुद्रवाले काका'. आमचं जहाज विलायतेला नेऊन तोडलं, असं एका खलाशानं चहा पिता पिता सांगितलं. मी त्याला दुसरा चहा द्यायचा विसरलो. ज्यात इतकी माणसं राहिली ते घर कापून पत्र्याच्या भावानं जातं, हे ऐकायला बरं वाटत नाही. तुमच्यातलेही काही आता नागपूरला गेलात, एक तर थेट परदेशी. तुम्हालाही कधीतरी असं काहीतरी कळेल. कळलं म्हणजे एकटे बसू नका.

गेल्या हिवाळ्यात दादा कोचीनला आला. जन्मात पहिल्यांदा. पांढरं धोतर, डोक्याला टापर, हातात वांग्यांची पिशवी, इतक्या लांबून. मी त्याला संध्याकाळी किनाऱ्यावर नेलं. तो ओल्या वाळूपर्यंत गेला. मग विचारलं, "तो वसंता कोन्या बाजूले आहे रे?"

मला नेमकं माहीत नव्हतं. समुद्रावर खूण राहत नाही. मी दक्षिणेकडे, सिलोनच्या अंगाला हात केला. दादानं चपला काढल्या, पाण्यात चार पावलं गेला आणि त्या दिशेला हात जोडले. लाटेनं त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. घाबरला नाही. परत आला, चपला हातात घेतल्या, आणि माझ्या गल्लीकडे वळून म्हणाला,

"चाल आता घरी. सुमती वाट पाह्यत असन."