बाजूला ठेवलेली माणसं

गल्लीत तिला सगळे आकडेबाई म्हणत. साथ आल्यापासून भाजीवाला तोलता तोलता विचारायचा, "आकडेबाई, आज काय भाव?" आणि ती सोन्याचा दर सांगावा तशा गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "उतरलाय. तुम्ही मात्र मास्क उतरवू नका."

आरोग्य कार्यालयात तिचं काम जुळवाजुळवीचं. प्रयोगशाळा तपासणीच्या तारखेनं माणसं मोजायची, इस्पितळ दाखल झाल्याच्या तारखेनं, आणि घरोघर फिरणाऱ्या नर्सबाई दार उघडेल त्या दिवशी. एकच माणूस तिन्हीकडे वेगवेगळ्या दिवशी आजारी पडायचा. दोनदा तपासलेला म्हातारा दोन म्हातारे होऊन यायचा. पण तिला त्यात गोडी होती. नावाला नाव, पत्त्याला पत्ता लावून ती दोन म्हाताऱ्यांचा पुन्हा एक करायची आणि संध्याकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं भागवार आकडे लिहायची.

हे सगळं तिला साहेबांनी शिकवलेलं. "न जुळणारं खोडायचं नाही," ते म्हणायचे. "बाजूला ठेवायचं, माणूस पाठवून विचारायचं, मग मांडायचं." तिची आई आजारी होती तेव्हा वरच्यांशी भांडून त्यांनीच तिला रजा मिळवून दिली होती. साहेबांचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. म्हणून पत्ता अर्धवट दिसला की ती नोंद बाजूला ठेवून साहेबांच्या फायलीत सरकवायची. माणसं पाठवणं त्यांच्या हातात. पुढे काय झालं हे तिनं कधी पाहिलं नाही. पेटीत टाकलेल्या पत्रामागं कोणी धावत जातं का?

तिची थोरली बहीण, अक्का, बाजारामागच्या वस्तीत शिवणक्लास चालवायची. पुढच्या खोलीत मशिनी, मागच्या खोलीत संसार. साथीत क्लास बंद होता, आणि भाऊजींना जुना दमा. एके दिवशी अक्कानं तिला बोलावून घेतलं.

"रेडिओ एक सांगतो, शेजारीण दुसरंच. तू सांग. उघडू का क्लास? यांचा दमा आहे म्हणून विचारते, नाहीतर मला काय धाड भरलीय."

"तुमच्याकडचा आकडा सारखा उतरतोय, अक्का. उघड."

"झालं," भाऊजी आतून म्हणाले. "मेहुणी बोलली म्हणजे शिक्का बसला."

क्लास उघडला. गुडघ्याला गुडघा लावून बायका मशिनींवर बसल्या. थोड्याच दिवसांत भाऊजींना ताप आला, तपासणीत साथीचाच निघाला, आणि त्यांना इस्पितळात न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी जुळवणीला बसली तेव्हा तिनं आधी त्यांचंच नाव शोधलं. प्रयोगशाळेनं पाठवलं होतं. पत्त्याच्या जागी होतं, 'शिवणक्लासच्या मागची खोली'. घर क्रमांक नाही. त्या वस्तीत तो कोणालाच नव्हता. पोस्टमनसुद्धा खुणांवर पत्रं पोचवायचा. सवयीनं तिचा हात नोंद बाजूला सरकवायला गेला आणि तिथेच थांबला.

मग तिनं पहिल्यांदाच बाजूला ठेवलेल्यांची ती फाईल उघडून पाहिली. अख्खी वस्ती तिथं येऊन बसली होती. 'पंपासमोर.' 'जिन्याखाली.' 'सायकलवाल्याच्या वर.' कित्येक आठवड्यांच्या नोंदी, सगळ्या तिच्याच हातानं सरकवलेल्या, आणि एकीवरही चौकशीचा शेरा नाही. तिकडचा आकडा उतरत होता तो असा.

ती साहेबांच्या खोलीत गेली. ऐकताना ते चष्मा पुसत राहिले.

"वरून रोज फोन येतो, उतरतंय का म्हणून. आणि पाठवायला माणसं कुठायत? सगळी इस्पितळाच्या दारात उभी."

"मग फळ्यावर तसं लिहायचं होतं, साहेब. माहीत नाही म्हणून."

"मी खोडलं तर नाही ना काही? बाजूला ठेवलंय. तुला शिकवलं तसंच."

"विचारायचं राहिलं."

"तू तरी कुठे विचारलंस मला?" ते हळूच म्हणाले. रागावून म्हणाले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"माझे भाऊजी आहेत त्यात."

साहेबांचा चेहरा खरंच उतरला. "अरेरे. आधी नाही का सांगायचं? दे तो पत्ता, त्यांना आजच मांडून घेऊ."

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्यांनी मागितलेलं न देता खोलीतून बाहेर पडली.

भाऊजी परत आले नाहीत. तिनं अक्काला सगळं सांगितलं, स्वतःचा हातसुद्धा लपवला नाही. अक्का भाऊजींच्या शर्टाची घडी घालत होती. मोडत होती, पुन्हा घालत होती.

"तुला हे माहीत होतं?"

"नव्हतं गं."

"मग 'बघून सांगते' म्हणायचं. 'उघड' कशाच्या जोरावर म्हणालीस?"

जोर साहेबांचा होता, पण ते आता कोणत्या तोंडानं सांगणार?

भाजीवाल्यानं भाव विचारला की हल्ली ती म्हणते, "मला ठाऊक नाही." त्याला ती थट्टा वाटते. फळ्यावर आकड्यांच्या खाली ती एक जास्तीची ओळ लिहिते, 'पत्ता न लागलेले', आणि पुढे संख्या. सकाळी साहेबांनी ती ओळ पुसलेली असते. संध्याकाळी ती पुन्हा लिहिते.

साथ ओसरल्यावर अक्कानं क्लास पुन्हा सुरू केला. त्याआधी तिनं म्हणे नर्सबाईंना विचारलं. आकडेबाईला हे नर्सबाईंकडूनच कळलं. कामावरून येताना ती वाट वाकडी करून तिकडे गेली. दार उघडं होतं. अक्कानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पण हाताखालची मशीन काही थांबली नाही.