पानवेल कोणी जाळली

आमच्या ह्यांनी पेन्शन घेतली आणि मालेगावातल्या आमच्या घरामागच्या दहा हात जागेच्या मागे साडेसाती लागली. जन्मभर शाळेत मुलांना उठवण्याबसवण्याची सवय. आता हाताखाली कोणी उरलं नाही, म्हणून हेडमास्तर भाजीपाल्यावर मास्तरकी करू लागले. दुधीला मांडव, वालाला काठ्या, न्हाणीच्या पाण्याला विटांचा पाट. पहिल्याच दिवशी पाट उलटा वाहिला आणि पाणी माझ्या चुलीपर्यंत आलं. मी बोलले तर म्हणाले, "जमिनीचा उतार चुकला." चूक जमिनीची. ह्यांची कधीच नाही.

आणि आमची गल्ली! घरं सहा आणि नियम साठ. आमच्या मांडवाची काठी वीतभर रस्त्यावर आलेली चालायची नाही, पण समोरच्यांची बैलगाडी आमच्या दारात आडवी लागलेली चालायची. पहिला दुधी मारुतीला. कोवळ्या कोहळ्याकडे बोट दाखवायचं नाही, सडतो. दाखवायचंच तर बोट दुमडून दाखवायचं. सगळ्यांत कडक नियम पानवेलीचा. बाहेर बसलेल्या बाईनं ते चार दिवस तिच्या आसपास फिरकायचं नाही, नुसती सावली पडली तरी वेल जळते म्हणे. मी हे सगळं मान्य करून बसले होते. माझी त्या चार दिवसांतून केव्हाच सुटका झाली होती, तेव्हा नियम पाळायला माझं काय जात होतं?

पानवेल न्हाणीजवळ, कुंपणाला लागून, शेवग्याच्या खोडावर चढवलेली होती. गल्लीत कोणाकडे पूजा असली की पानं आमच्याकडून जायची, त्यामुळे ती वेल जितकी माझी तितकीच सगळ्यांची. समोरच्या घरची सून तिच्यावर जीव टाकायची. ही किन्हीराजा गावची, शेतकऱ्याची मुलगी, सोळा-सतराची असेल. हाताला माती लागल्याशिवाय तिला करमायचं नाही. दुपारी सासूचा डोळा लागला की आमच्या कुंपणाशी येऊन उभी राहायची. पानवेल सुतळीनं बांधू नये, केळीच्या सोपटानं, खोडाच्या वाळल्या सालीनं, बांधावी, म्हणजे देठ कापत नाही, हे मला तिनं शिकवलं. स्वतःच्या दाराशी तिनं कारल्याचे दोन वेल लावले होते आणि ते आमच्या वेलांपेक्षा चांगले आले होते.

चैत्रात एके सकाळी पाहिलं तर पानवेलीची पानं पिवळी पडलेली, कडा काळ्या. माझं डोकं फिरलं. कुंपणाशी जाऊन मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "कोनाची सावली पडली वं माह्या वेलीवर?" हे माझंच तोंड. दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

समोरची सासू लगबगीनं बाहेर आली. सून आदल्या दिवसापासून बाहेर बसलेली, पडवीच्या कोपऱ्यात. कोणी विचारायच्या आधी तीच म्हणाली, "मी काल कुपाटीपाशी गेलती, काकू. एक फांदी लोंबून राह्यली होती. ते वर अडकवली." खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही बोलली.

मग गल्लीतल्या बाया जमल्या. पाचव्या दिवशी न्हाणं झाल्यावर तिला तिचे दोन्ही कारल्याचे वेल स्वतःच्या हातानं उपटायला लावले. तिच्या हातची पान-सुपारी कोणी घ्यायचं नाही असं ठरलं. सासू म्हणाली, पायगुण बरा नाही, माहेरी नेऊन सोडते. मी तिथंच उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. हे मात्र घरात वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी मेलेली वेल खणून काढली. मुळाशी लेंड्या निघाल्या, शेळ्यामेंढ्यांच्या, ओंजळीनं. खालची माती हाताला ऊन लागत होती आणि मुळं उकडल्यासारखी झाली होती.

"हे कोनं घातलं?" मी विचारलं.

"खत हाये. पुस्तकात होतं."

"ताजं घाला असं होतं पुस्तकात?"

मग ह्यांच्या तोंडून एकेक निघालं. धनगराच्या वाड्यावरून दोन टोपल्या ताज्या लेंड्या आणून मला न सांगता मुळात पुरल्या होत्या. ताजी लेंडी उष्ण असते, वर्षभर कुजवून मगच घालतात, हे तिकडच्या शेंबड्या पोराला कळतं. आणि मला राग त्याचा नाही. चूक कोणाची होत नाही? राग याचा, की पानं पिवळी पडली त्याच दिवशी ह्यांना उमगलं होतं. बाहेर त्या मुलीचा निवाडा चालला होता आणि हे आत बसून ऐकत होते.

मी तडक समोर गेले, सासूला सगळं सांगितलं. ती हसली. "मास्तरीनबाई, तुमी पोरीले झाकून राह्यल्या. मास्तर सोता सांगतीन तं मी मानीन."

घरी येऊन मी ह्यांच्या पाया पडायची तेवढी राहिले. ह्यांचं एकच, "चार लोकं मले विचारून कामं करतात. मास्तरले लेंडी समजत नाई म्हनतीन." उद्या सांगतो, परवा सांगतो, असं करत आठ दिवस गेले. नवव्या दिवशी समोरच्या दारात गाडी जुंपली. मुलगी मान खाली घालून बसली, पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. गाडी आमच्या दारावरूनच गेली.

त्या रात्री मी ह्यांना वाढलं नाही. सकाळी हे उठले आणि मारुतीच्या पारावर जाऊन चार लोकांत म्हणाले, वेल माझ्या खतानं जळाली. खरं बोलले, पण आठ दिवस शिळं. लोकांनी काय करावं? हात जोडले. "मास्तर, तुमचं मन लय मोठं. दुसऱ्याच्या पोरीचं पाप आपल्या अंगावर घेतलं." ह्यांनी नाही म्हटलं की लोक आणखी हात जोडत. समोरच्या सासूनं तर ह्यांना नारळ दिला. हे तो नारळ घेऊन घरी आले आणि दोन भाकरी जास्त जेवले.

दिवाळीनंतर मुलगी परत आली. कापूस वेचायला माणूस हवं होतं, तेव्हा पायगुण कोणाला आठवला नाही. एका दुपारी मी तिला हाताला धरून आमच्या वाडीत आणलं. नवी पानवेल लावली होती, कमरेएवढी झाली होती. मी तिला लेंड्यांपासून पारापर्यंत सगळं सांगितलं. माझं चुकलं, हेही सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"तुमी चांगल्या हा, काकू," ती म्हणाली, "म्हनून असं म्हनता."

वेलीचा एक फुटवा खाली आला होता. मी केळीचं सोपट तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, बांध. ती न्हाऊन, कुंकू लावून आली होती, विटाळाचा काही प्रश्नच नव्हता. तिनं सोपट खाली ठेवलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नोको, काकू. हे बी जळून जाईन."