तीन दिवसांची दाढी

गाड्या रंगवण्याच्या त्या वर्कशॉपमध्ये अठरा माणसं कामाला होती आणि त्यांत बाई एकटी तीच. पहिली तीन वर्षं तिनं नुसते पत्रे घासले. पुढची दोन, रंग उडून काचांवर बसू नये म्हणून त्यांवर कागद आणि टेप चिकटवण्यात गेली. मग एके दिवशी रंगाऱ्याची कंबर धरली. गाडी दुपारी द्यायची होती, म्हणून मिस्त्रीनं नाइलाजानं रंगाची बंदूक तिच्या हातात दिली. तिनं बॉनेटवरून असा काही हात फिरवला की एखादा ओघळ तरी सापडतोय का, हे मिस्त्री नंतर चारदा वाकून बघत होता. सापडला नाही. बंदूक तिच्याकडे आली ती सहा वर्षं तिच्याकडेच राहिली. शेडमध्ये तिला सगळे ‘बंदूकबाई’ म्हणायचे, अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

नवरा चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होता. दिवसभर चारी बाजूंनी आरसे. माणूस मुळातच देखणा, त्यात चाळिशीला टेकल्यावर त्याला दाढी ठेवायची हुक्की आली. तीही भरघोस नव्हे, तर तीन दिवसांची. ती कायम तीन दिवसांचीच दिसावी म्हणून त्यानं एक छोटं यंत्र आणलं होतं आणि एक दिवसाआड ते गुरगुरत गालांवरून फिरवायचा. एका गिऱ्हाईक बाईनं “तुम्हाला शोभतं हो,” असं म्हटल्यावर तर स्वारी हवेतच गेली.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती तरी दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. सकाळी निघताना, संध्याकाळी आल्यावर, सासूबाई शेजारी गेल्या की मध्येच, गालाला गाल लागायचाच. तिलाही तो हवाच असायचा, यात लपवण्यासारखं काही नाही. दोघांत सगळं अरे-तुरे. फक्त ती खरोखर संतापली की ‘अहो-जाहो’वर जायची, आणि ते चौदा वर्षांत तीनदाच घडलं होतं.

दाढीला महिना झाला नसेल, तिची हनुवटी लाल झाली. मग वरचा ओठ, मग दोन्ही गाल. बारीक बारीक पुरळ, वर कातडी सोललेली. तोंडावर पाणी मारलं तरी चरचरायचं, घाम आला की आग आग व्हायची. आणि नेमकं तिच्या कामात तोंडावर जाड रबरी कडेचा मास्क, नाकावरून गालांवरून हनुवटीखाली घट्ट बसणारा. मग काय, निदान करायला जो तो तयार.

“रंगाचं विष आहे ते,” सासूबाई म्हणाल्या आणि वाटीत दुधाची साय घेऊन आल्या. “रोज लाव. चेहऱ्याला थंडावा मिळतो.”

“मास्कचं रबर असणार,” नवरा म्हणाला. “हलक्या प्रतीचं आणतात तुमच्याकडे.”

औषधाच्या दुकानातल्या माणसानं न विचारताच एक मलमाची नळी पुढे सरकवली. ते लावलं की दोन दिवस चेहरा कसा छान व्हायचा. तिसऱ्या दिवशी दुप्पट उठायचं. ती पुन्हा लावायची. असे दोन महिने गेले. शेडमध्ये लोक तिच्याशी बोलताना तिच्या हनुवटीकडे बघून बोलायला लागले.

एका सकाळी मिस्त्रीनं तिला बाजूला घेतलं. “बाई, काही दिवस टेपवर बसा.”

“टेपवर? का?”

“तोंडाकडे बघा जरा आरशात. उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात येईल.”

“मला काही होत नाही. मी तक्रार केली का तुमच्याकडे?”

“तुम्ही नाही केली,” मिस्त्री म्हणाला आणि निघून गेला. ते वाक्य तिला तेव्हा खटकलं नाही. तिचं सगळं लक्ष बंदुकीकडे होतं, आणि बंदूक त्याच दिवशी नव्या रंगाऱ्याच्या हातात गेली. सहा वर्षांपूर्वी सोडलेल्या स्टुलावर बसून ती कागद फाडत होती आणि रंगाच्या खोलीच्या काचेतून त्याला बघत होती. हात घाईचा. कोपऱ्यात थांबायचा, तिथं रंग साठायचा. दुपारी एका दाराच्या खालच्या बाजूला बोटाएवढा ओघळ सुकून बसला. ते दार पुन्हा घासायला काढलं, आणि घासायला मिस्त्रीनं कोणाला बोलावलं? तिलाच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सँडपेपर तिनं असा ओढला की शेजारचा माणूस म्हणाला, “बंदूकबाई, दार आहे ते, जरा दमानं!”

दुसऱ्याच दिवशी अर्धी सुट्टी टाकून ती कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या वयानं मोठ्या, केस पांढरेशुभ्र, बोलणं तुकडे पाडल्यासारखं. त्यांनी दिवा जवळ ओढला, तिची हनुवटी बोटानं वर केली, दोन्ही गाल पाहिले आणि मग कानाखाली मानेवर बोट ठेवलं.

“इथं कधीपासून आहे?”

“चेहऱ्याबरोबरच आलं.”

“मास्क मानेवर घालतेस का?”

“मानेवर कशाला घालीन?”

“मग मानेवर का उठलं?”

डॉक्टरीणबाईंनी दिवा बंद केला. “घरात दाढी कोणाला आहे?”

ती आधी बघतच राहिली. मग कानापर्यंत लाल झाली, आणि ती लाली पुरळाची नव्हती. “नवऱ्याला,” ती म्हणाली. “पण एवढीशीच. खुंट. तेवढीच राखतो.”

“खुंटच वाईट. वाढलेली दाढी मऊ पडते, ताज्या कापलेल्या केसाला धार असते. रोज तीच जागा घासली जातेय, दुसरं काही नाही. आणि लावतेस काय?”

तिनं नळी काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी ती वाचली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. “यानं कातडी पातळ होते. पुन्हा हात लावायचा नाही. बंद केल्यावर थोडे दिवस जास्त लाल दिसेल, घाबरू नकोस. वासाचा साबण बंद. साध्या पाण्यानं तोंड धुवायचं, पुसताना घासायचं नाही, टिपायचं. गार पाण्याची पट्टी दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. वर साधी व्हॅसलीन, पातळ हात. कामावर जाताना लावू नकोस, नाहीतर मास्क घसरेल. आठवडाभर मास्क नकोच, मी चिठ्ठी देते. फोड आले, पू दिसला, तर लगेच यायचं.”

“आणि दाढीचं?”

“एक तर रोज गुळगुळीत करायची. नाहीतर नीट वाढवायची, धुवायची, तेल लावून मऊ ठेवायची. मधलं काही नाही. आणि हे भरून येईपर्यंत त्याचा गाल त्याच्याकडे, तुझा तुझ्याकडे.”

जिना उतरताना तिला आधी हसू आलं. शेवटच्या पायरीपर्यंत ते पार विरलं. दोन महिने सगळ्या जगानं तिच्या रंगाला, तिच्या मास्कला, तिच्या साबणाला नावं ठेवली होती. ज्याचा गाल रोज तिच्या गालाला लागत होता, त्याच्याकडे कोणाचंच बोट गेलं नव्हतं. तिचंही नाही, आणि याचाच तिला जास्त राग आला.

घरी सांगितलं तर नवरा हसला. “म्हणजे माझं प्रेम जास्त झालं म्हण की!”

“हसू नकोस. उद्या ती काढ.”

“लगेच कशी काढू? दुकानात सगळ्यांच्या डोळ्यांत बसलीय. तू पट्ट्या ठेव, मी जपून राहतो.”

आधी तिला बंदूक परत हवी होती. दुसऱ्या दिवशी तिनं चिठ्ठी मिस्त्रीपुढे ठेवली. मिस्त्रीनं ती दोनदा वाचली, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.

“दाढी?” तो म्हणाला. “अहो, पण तुमच्या मिस्टरांनीच तर सांगितलं मला.”

“काय सांगितलं?”

“मागं चष्म्याची काडी बसवायला गेलो होतो दुकानात. सहज विचारलं, बाईंच्या तोंडाला काय झालंय. तर म्हणाले, रंगाचाच त्रास आहे. सुट्टीच्या दिवशी चेहरा अगदी स्वच्छ असतो, कामावर आली की उठतं. म्हणून तर मी तुम्हाला टेपवर बसवलं.”

सुट्टीच्या दिवशी! सुट्टीचा दिवस तर सगळ्यांत वाईट असायचा, कारण त्या दिवशी तो घरी असायचा. तिनं चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मिस्त्री काहीतरी समजुतीचं बोलत होता, पण तिच्या कानात ते शिरत नव्हतं.

त्या दिवशी नवऱ्यानं रजा घेतली होती. ती घरी आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या टेबलाशी मटार सोलत होत्या आणि हा खिडकीत आरसा टेकवून यंत्र फिरवत होता. ती चपला न काढता आत आली.

“माझा चेहरा सुट्टीच्या दिवशी स्वच्छ असतो, असं तुम्ही मिस्त्रीला सांगितलंत?”

‘तुम्ही’ ऐकून त्यानं यंत्र बंद केलं. एक गाल झालेला, एक राहिलेला.

“अगं, ते ओघात बोललो. मालक शेजारी उभा होता, दोन गिऱ्हाइकं होती. तिथं काय सांगू, माझ्या दाढीनं झालंय म्हणून?”

ती थांबली. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत म्हणजे… वाटलं होतं एकदा.”

“कधी?”

तो यंत्राच्या पात्यातले केस फुंकायला लागला.

“कधी वाटलं होतं?”

“पहिल्याच महिन्यात,” तो म्हणाला. “पण नक्की थोडंच होतं? आणि तुझं ते रंगाचं काम, तो वास, मला काळजी वाटतेच ना. म्हटलं, या निमित्तानं सुटलं तर बरंच.”

“काळजी होती तर माझ्याशी बोलायचं होतं, मिस्त्रीशी नाही!” तिचा आवाज शेजारच्या घरात गेला असेल, तिला पर्वा नव्हती. “दोन महिने शेजारी बसून मास्कला शिव्या देत होतात. मी ते मलम फासत होते, तुम्ही बघत होतात. माझ्या हातातलं काम काढून त्या अडाण्याला दिलं, मी घरी येऊन रडले, तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात. कोणत्या तोंडानं? एका परक्या बाईला पाच मिनिटांत कळलं, आणि तिनं सांगितलंही. तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही ते गिळलंत. कशासाठी? कोणीतरी ‘शोभतं’ म्हणालं म्हणून?”

त्यानं सवयीनं आईकडे पाहिलं. सासूबाईंनी हातातली शेंग ताटात ठेवली.

“माझ्याकडे बघू नकोस,” त्या म्हणाल्या. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीवर गेला होता. “तुझे वडील आठवड्यातून एकदा दाढी करायचे. माझंही तोंड असंच सोलून निघायचं. मला वाटायचं, माझीच कातडी नाजूक. साय लावत राहिले. जन्मभर त्यांना एका शब्दानं बोलले नाही.” मग त्या सुनेकडे वळल्या. “तुला रंगाचं विष म्हटलं ते माझं चुकलं. तू बोल. मी मध्ये पडत नाही.”

सुनेला हे अगदीच अनपेक्षित होतं. तिचा राग ओसरला नाही, पण आवाज खाली आला, आणि नवऱ्याला तो खालचा आवाज जास्त झोंबला.

“उद्या वर्कशॉपमध्ये यायचं. मिस्त्रीला जे सांगितलंत ते तिथं परत घ्यायचं. सगळ्यांसमोर.”

“सगळ्यांसमोर कशाला? मी फोन करतो मिस्त्रीला.”

“मला टेपवर बसवलं ते सगळ्यांसमोर.”

तो आला. दुकान उघडण्याआधी, चेहरा गुळगुळीत करून, कानाजवळ ब्लेड लागलेलं. हवेचा कॉम्प्रेसर बंद होता, त्यामुळे शेडमध्ये त्याचा शब्द न् शब्द ऐकू गेला. “रंगाचा काही संबंध नाही. माझ्या दाढीनं झालं. मला अंदाज होता, तरी मी खोटं बोललो.” कोणीतरी मागून फिसकन हसलं. नव्या रंगाऱ्यानं “मग काय, वहिनींना…” अशी सुरुवात केली, पण तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि ते वाक्य त्याच्या घशातच राहिलं. नवरा मान खाली घालून उभा होता. तिला त्याची दया यायला हवी होती, असं तिला नंतर वाटलं. तेव्हा मात्र अजिबात आली नाही.

मिस्त्रीनं आठवडा मोजून बंदूक परत दिली. पहिल्याच दिवशी तिच्याकडे, तोवर घासून तसाच पडून राहिलेला तो ओघळवाला दरवाजा आला. कातडी पंधरा दिवसांत भरून आली, मानेवरची सगळ्यांत शेवटी. पट्ट्या भिजवून द्यायचं काम नवऱ्यानं अंगावर घेतलं होतं. वाडगा आणून ठेवायचा आणि बाजूला व्हायचा. ती पट्टी घ्यायची, “ठेवा तिथं,” म्हणायची. महिनाभर घरात ‘अहो’च चाललं. सासूबाईंनाही ते ऐकून कसंतरी व्हायचं, पण त्यांनी शब्द पाळला, मध्ये पडल्या नाहीत.

मग एका सकाळी डबा भरताना तिच्या तोंडून सहज, “अरे, झाकण दे ना,” निघून गेलं. त्यानं झाकण दिलं.

पुढच्या वर्षी त्यानं विचारलं, दाढी पूर्ण वाढवू का, लांब, तेल लावून, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तशी. विचारताना दोन हात लांब उभा होता.

“विचारलंस हे बरं केलंस,” ती म्हणाली. “पण सध्या नको.”