लव्हाळ्यांपाशी बसणारा

नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी जपानात, फुनाबोरीला आले, तर इथेही नदीचा गळा काँक्रीटच्या भिंतीने आवळलेला! उरलेला लव्हाळ्यांचा पट्टाही बुजवणार होते. मी पेटलेच. मोडक्या जपानीत, भिंत बांधणाऱ्यांना शिव्या घालत, सह्यांची पत्रकं काढली.

त्या लव्हाळ्यांपाशी रोज एक म्हातारा गळ टाकून बसायचा. मासा लागला की त्याच्यापुढे किंचित वाकायचा आणि त्याला सोडून द्यायचा. माझं पत्रक त्याने दोन्ही हातांनी घेतलं, सगळं वाचलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

"सही करा ना, आजोबा! या भिंतीने नदी मरतेय."

"भिंत आम्हीच मागितली होती. पुरात माझी धाकटी बहीण गेली. इथेच, लव्हाळ्यांत सापडली."

पट्टा बुजलाच. म्हातारा अजून येतो, गळ न आणता काँक्रीटवर बसून राहतो. उरलेल्या पत्रकांतून आता शिव्या कुणाला घालू?